उंबरा किती इंच, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत दर आठवड्याला एखाद्या हॉटेलाची ओळख करून देणारा मजकूर येतो. मी तो न चुकता वाचते. पडद्यांचा रंग, भिंतीवरची वारली चित्रं, नाश्त्याच्या पोह्यांवर खोबरं ओलं होतं की सुकं, इतकं बारीक त्यात असतं. दारात पायऱ्या किती, हे मात्र आजवर एकदाही वाचल्याचं आठवत नाही. माझा सगळा मुक्काम त्या एका आकड्यावर ठरतो, म्हणून हे पत्र. लांबलं आहे. कापायचंच झालं तर माझ्या तक्रारी कापा, मोजमापं तेवढी राहू द्या.

मी ६५ वर्षांची. दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. पायाला कॅलिपरचा आधार बांधून, कुबड्या घेऊन विमा कार्यालयात नोकरी केली, पीएमटीच्या बशीत चढले-उतरले, दोन बाळंतपणं निभावली. पन्नाशीनंतर खांदे बोलायला लागले. गेली बारा वर्षं व्हीलचेअर आहे. आमच्या घरी तिला नुसतं 'खुर्ची' म्हणतात. घर एरंडवण्यात, चौथ्या मजल्यावर.

गेल्या हिवाळ्यात सोसायटीची लिफ्ट बदलायचं ठरलं. जुनी झाली होती, बदलायलाच हवी होती, त्याबद्दल तक्रार नाही. सभेत एक सभासद म्हणाले, "आठ-दहा दिवसांचाच तर प्रश्न आहे. जिने चढले तर सगळ्यांचीच तब्येत सुधारेल." मी काही बोलले नाही. सेक्रेटरींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग पंख्याकडे.

लेक औंधला राहते, तळमजल्यावर. पण तिच्या बाथरूमचं दार २४ इंची आणि माझी खुर्ची २५ इंची. एका इंचापायी मायलेकींची ताटातूट झाली. हॉटेलात जाऊन राहायचं, तेही आपल्याच गावात, हे मला आधी पटेना. लोक काय म्हणतील ते सोडा, पण आपलं घर हाकेवर असताना सकाळच्या चहाचे पैसे मोजायचे? शेवटी दुसरा उपाय नव्हता.

आमचे हे एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात तेहतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. वहीत रकाने आखून फोन करायला बसले. नऊ ठिकाणी विचारलं. "व्हीलचेअर ना? काही काळजी करू नका काका, आपली पोरं आहेत, उचलून घेतील," हे पाच जणांनी सांगितलं. दोघांनी "दोनच पायऱ्या आहेत" म्हणून धीर दिला. त्यातला 'च' मला फार आवडतो. एका ठिकाणी लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत पोचायला पाच पायऱ्या. आणि एकाने "पेशंटला आम्ही रूम देत नाही" म्हणून फोन ठेवला.

उचलून घेणं म्हणजे काय असतं ते सांगते, कारण सांगणाऱ्याला ते सौजन्य वाटतं. काही वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला एका मंगल कार्यालयात गेलो. अकरा पायऱ्या. चार मुलं पुढे आली, चांगल्या घरची, मनाने चांगली. त्यातल्या एकाने खुर्चीचा हात धरून उचललं. खुर्चीचे हात काढता-घालता येतात, ते त्याला कुठून माहीत असणार? सातव्या पायरीवर तो हात त्याच्या हातात आला आणि मी तिरकी. पडले नाही, तिघांनी सावरलं. पैठणीचा पदर चाकात गेला तो गेलाच. पण खरी गंमत पुढे. वर पोचल्यावर कळलं की स्वच्छतागृह खाली आहे. सकाळी नऊ ते दुपारी तीन मी पाण्याचा घोट घेतला नाही. पंगतीत मठ्ठा फिरत होता, मला मठ्ठा फार आवडतो, मी वाटीवर हात ठेवला. सगळे म्हणाले, मावशी डाएटवर दिसते. माझ्या ओळखीत खुर्चीवरच्या जेवढ्या बायका आहेत, त्या सगळ्या बाहेर जायच्या दिवशी सकाळपासून पाणी तोडतात. हे कुठल्या परीक्षणात येत नाही.

दहाव्या फोनवर एक मुलगी होती, बोलण्यावरून मराठवाड्याकडची. तिने तीन प्रश्न विचारले. खुर्ची हाताने ढकलायची की बॅटरीची? रुंदी किती? आणि काकू कमोडवर सरकताना डावीकडून सरकतात की उजवीकडून? यांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी उजवीकडून सरकते. संसाराला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण यांनाही ते पटकन सांगता आलं नव्हतं. मी तिथूनच म्हटलं, हीच खोली घ्या.

हॉटेलाचं नाव देत नाही; दिलं तर जाहिरात वाटेल आणि तुम्ही पत्र केराच्या टोपलीत टाकाल. डेक्कनच्या बाजूला जुना दगडी बंगला आहे, त्याचं हॉटेल केलंय. खोल्या अकरा. याला हल्ली बुटीक हॉटेल म्हणतात. बुटीक म्हटलं की मला अजून ब्लाउज शिवायला टाकायचं दुकान आठवतं. पण तिथेही माप घेतल्याशिवाय काही शिवत नाहीत, तेव्हा शब्द अगदीच चुकीचा नाही.

बंगल्याचं जोतं अडीच फूट उंच. एक फूट चढायला बारा फूट लांब उतार लागतो, हे १:१२ चं गणित यांनी आयुष्यभर नकाशांवर काढलं आणि "जागा जाते हो" म्हणून मालकांनी तितक्याच वेळा खोडायला लावलं. इथे तो तीस फुटांचा उतार खरोखर बांधलेला. फाटकापासून निघतो, बकुळीच्या झाडाला वळसा घालतो, मध्यावर सपाट विसावा, तिथे एक बाक. वर खरबरीत काळा दगड, चाक घसरत नाही. कठड्याला लाकडी दांडा दोन उंचींवर बसवलेला, वरचा मोठ्यांना, खालचा पोरांना आणि मला. यांनी पहिल्याच दिवशी टेप लावून बघितला. वॉचमन विचारात पडला की हे महापालिकेचे की काय.

पायऱ्याही आहेत, बाजूला, पाच. पण मी तेरा दिवसांत पाहिलं, येणारे निम्म्याहून जास्त लोक उतारानेच चढायचे, कारण हातात चाकांच्या बॅगा. चाकं ती चाकं.

खोलीला उंबरा नाही. दार सरकतं, त्याची मोकळी जागा ३६ इंच. पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीएवढी, त्यामुळे मधे सरकायची फळी टाकावी लागत नाही, सरकलं की झालं. दिव्याची बटणं हाताशी. कपाटातला कपडे टांगायचा दांडा एका काठीने खाली ओढून घेता येतो. दाराला बघायचं भोक दोन उंचींवर. दाराबाहेर खोलीचा आकडा उठावाचा, खाली ब्रेलमध्ये. ऐकू न येणाऱ्या पाहुण्यासाठी बेल वाजली की दिवाही लागतो. मधल्या चौकातल्या पायरीच्या कडेला पितळी पट्टी आहे. यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ती पट्टी यांच्या जास्त उपयोगी पडली.

आणि न्हाणीघर. त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण आमच्यासारख्यांचं हॉटेल म्हणजे न्हाणीघरच. बाकी सगळं त्याच्याभोवतीची शोभा. आत पाच फुटांचं वर्तुळ मोकळं, खुर्ची जागच्या जागी वळते. फरशीला भिंतीकडे इतका हलका ढाळ, की पाणी साचत नाही आणि चाक पळत नाही. अंघोळीला भिंतीवर घडीची सागवानी बैठक, आणि नळ त्या बैठकीवरून हाताला येतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं. बैठक एका भिंतीला आणि नळ समोरच्या भिंतीला, असं मी एका तारांकित हॉटेलात भोगलंय. पाणी गरम की गार हे अंगावर पडल्यावर कळायचं. तारांकित दर्जासाठी दिव्यांगांसाठी एक तरी खोली असावी लागते. तिथे ती होती, पण आमच्या आधी तिच्यात गाद्यांचा ढीग मुक्कामाला होता. इथल्या कमोडच्या उजवीकडे जागा सोडलेली; डावीकडून सरकणाऱ्यांसाठी शेजारच्या खोलीत उलटी मांडणी. म्हणून तो प्रश्न होता तर. आधाराचे दांडे दवाखान्यासारखे चकचकीत स्टीलचे नव्हेत, काळसर, हाताला गार न लागणारे. भिंत पांढरी, त्यामुळे दांडा कुठे आहे ते चष्म्याशिवायही दिसतं. आरसा बेसिनपासूनच वर गेलेला. कित्येक वर्षांत हॉटेलच्या आरशात मला माझं कपाळ आणि त्यावरचा पंखा एवढंच दिसत आलंय. इथे गळ्यातलं मंगळसूत्र सरळ करता आलं.

दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला मला जाग आली. एरवी मी यांना हाक मारते. यांना ते सवयीचं आहे, उठतात, चष्मा न लावताच उठतात. त्या रात्री हाक मारली नाही. एकटी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून आत, परत खुर्चीत, परत पलंगावर. दिवा आपोआप लागला आणि आपोआप विझला. सकाळी हे म्हणाले, "काल उठली नाहीस?" म्हटलं, उठले होते. हे बराच वेळ चहा ढवळत बसले. यांच्या चहात साखर नसते.

हॉटेलचे मालक तरुण आहेत, स्वतः वास्तुविशारद. त्यांना मी विचारलं, "तुमच्या जाहिरातीत कमानी आहेत, सागवान आहे, चौकातला झोपाळा आहे, पण या सोयीचं अक्षर नाही. का?" ते जरा ओशाळले. म्हणाले, "काकू, सुरुवातीला लिहिलं होतं. मग लोक खोली घेताना बजावायचे, ती अपंगांची खोली आम्हाला देऊ नका." म्हणून त्यांनी युक्ती केली. तळमजल्यावरच्या चारही खोल्या सारख्याच केल्या आणि कुणालाच काही सांगितलं नाही. लोक येतात, न्हाणीघर प्रशस्त आहे म्हणून खूश होऊन जातात. यावर हसावं की काय करावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांचं खरं असेलही. पण मग मी त्यांना शोधू कसं? नऊ फोन फुकट घालवल्यावर दहावा लागला, तो नशिबाने.

खर्चाचं मी यांनाच विचारलं. म्हणाले, बंगला मोडताना-बांधताना दार सहा इंच मोठं ठेवलं, तर सहा इंच भिंत कमी बांधावी लागते. नंतर फोडायचं म्हटलं की मात्र गवंडी, प्लंबर, फरशीवाला सगळे आले. कागदावर असताना त्याचा खर्च खोडरबराएवढा. यांच्या बोलण्यातला हा खोडरबर जुना आहे, त्यात थोडा राग आहे.

सगळंच छान होतं असं नाही. बैठकीच्या दालनातले सोफे इतके बुटके, की त्यात बसलेला सत्तरीतला माणूस क्रेनशिवाय उठायचा नाही. नाश्त्याची भांडी उंच ओट्यावर. थालीपिठाचा वास यायचा, थालीपीठ दिसायचं नाही. आणि तो झोपाळा! जाहिरातीतला तोच. त्याच्याभोवती कुणा कलाकार डोक्यातून गोल गोटे पसरलेत, पाचसहा इंच खोल. चाक त्यात रुततं. तेरा दिवस मी तो झोपाळा लांबून पाहिला. मालकांना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुन्हा जाईन तेव्हा बघेन.

फाटकाबाहेरचं मात्र त्यांच्या हातात नाही. चार पावलांवर फुटपाथ, त्याच्या तोंडाशी दुचाक्या चढू नयेत म्हणून रोवलेले खांब. दोन खांबांमधलं अंतर यांनी मोजलं: २३ इंच. दुचाक्या हँडल तिरकं करून आरामात जातात. खुर्चीला हँडल नाही. मग आम्ही रस्त्यावरून, मागे हॉर्न. त्यातून एकदा रिक्षा मिळवली, खुर्ची घडी करून मागे कोंबली आणि डेक्कन जिमखान्याच्या मेट्रो स्टेशनवर गेलो. मेट्रो २०२२ पासून पुण्यात धावतेय. मी तोवर तिच्यात बसले नव्हते, कारण स्टेशनपर्यंतच पोचत नव्हते. लिफ्टने वर, गाडीत खुर्चीला राखलेली जागा, फलाट आणि डबा एका पातळीत. रामवाडीपर्यंत गेलो आणि आलो. काम काही नव्हतं. मुठेच्या कडेने गाडी जाते तेव्हा मी खिडकीशी होते, आणि कुणी "जरा सरका, मावशींना जागा द्या" म्हटलं नाही, कारण जागा होतीच.

आता कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत खासगी इमारतीही येतात, जिथे सर्वसामान्य लोकांचा वावर असतो त्या सगळ्या. म्हणजे हॉटेल आलं, मंगल कार्यालय आलं, नाट्यगृह आलं. जुन्या इमारती सुगम्य करायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, मुदत सरली २०२२ ला. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाहीत, पाळणं बंधनकारक असेल असे नियम करा. २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत दार ९०० मिलिमीटर आणि वळायचं वर्तुळ १५०० मिलिमीटर, असं स्वच्छ दिलेलं आहे. यांनी ती मार्गदर्शक तत्त्वं छापून, बाइंडिंग करून ठेवलीत. पाहुण्यांना दाखवतात, पाहुणे घाबरतात.

पुण्याला हे नवं असायचं कारण नाही. वानवडीला सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. खडकीला मणक्याला जखम झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. दिव्यांग कल्याण आयुक्तालय याच शहरात आहे. १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक पोहून आणणारे मुरलीकांत पेटकर आपल्याच महाराष्ट्राचे. त्यांच्यावर भाषणं करायला आपल्याला आवडतं. ज्या सभागृहात भाषण होतं त्याच्या व्यासपीठाला मात्र बहुतेक ठिकाणी जिनाच असतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. त्यात माझे हे नाहीत. पण यांचे गुडघे अलीकडे पायरी दिसली की थांबतात. पोलिओ देशातून गेला, २०१४ ला तसं प्रमाणपत्रही मिळालं. म्हातारपण जाईल असं कुठे ऐकलेलं नाही.

तेव्हा विनंती एवढीच. तुमचा प्रतिनिधी हॉटेलात जातो, तेव्हा त्याच्या खिशात एक टेप द्या. पन्नास रुपयांना मिळते. परीक्षणाच्या शेवटी तारे देता, तिथेच एक ओळ छापा: दारात पायऱ्या किती, उतार असल्यास कितीला किती, खोलीचं आणि न्हाणीघराचं दार किती इंच, उंबरा किती इंच, नळ बैठकीवरून हाताला येतो का. 'दिव्यांगस्नेही' हा शब्द कृपया छापू नका. तो प्रत्येक जण आपल्यापुरता मोजतो. मला आकडा द्या, माझं मी ठरवेन. नाटकं, लग्नाची कार्यालयं, मिसळीच्या जागा यांच्यावरही आपण लिहिता. तिथेही ही ओळ चालेल. मिसळीसाठी मी चार इंचांपर्यंत तडजोड करते.

तुमच्या प्रतिनिधीला वेळ नसेल तर आमचे हे रिकामे आहेत. टेप त्यांची स्वतःची.

आपली,
एक जुनी वाचक
एरंडवणे, पुणे

ता. क. : लिफ्ट आठ दिवसांऐवजी तेराव्या दिवशी सुरू झाली. दिसायला देखणी आहे, आरसा आहे, मजले बोलून दाखवते. दार जुन्या लिफ्टपेक्षा दीड इंच अरुंद निघालं. खुर्ची जाते, चाकावरची बोटं तेवढी आत घ्यावी लागतात. ऑर्डर देताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. घरी आल्यावर यांनी आमच्या बाथरूमचा उंबरा मोजला, तीन इंच भरला. तो १९९४ साली यांनीच सांगून बांधून घेतला होता, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. सोमवारी गवंडी येतोय.